यवतेश्वर घाटात वापरून बघितलेली बारा वड्यांची रंगपेटी

आधीच सांगून टाकतो. ही पेटी घ्या, पण आतले रंग फुकट आलेत असं समजा आणि घरातल्या लहान पोरांना देऊन टाका. पेटी चांगली आहे, रंग नाहीत.

वस्तू अशी आहे. पत्र्याची चपटी डबी, बाहेरून काळी, आतून पांढरं एनॅमल. आत जलरंगाच्या बारा चौकोनी वड्या, ज्यांना दुकानदार हाफ पॅन म्हणतात. झाकणातच रंग कालवायला खळगे आहेत आणि दुसऱ्या बाजूनं आणखी एक पाट उलगडतो. तळाला अंगठ्यात अडकवायची कडी. पेटीवर कुठल्याही कंपनीचं नाव नाही; ऑनलाइन हीच पेटी वेगवेगळ्या नावांनी विकतात. मला साडेतीनशेच्या आसपास पडली. रंग भरून आमच्या किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली, तर दीडशे ग्रॅमच्या आतच राहिली. पळताना लोक मोबाईल ठेवायला कमरेला पट्टा बांधतात, त्यात ती बसते. माझ्यासाठी पहिली परीक्षा तीच होती.

मी बोर्ड रंगवणारा पेंटर. सातारा, कोरेगाव, रहिमतपूर या पट्ट्यातली दुकानांची नावं, ट्रकच्या पाठी, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. फ्लेक्स आले आणि बोर्डाचं काम आटलं. आता घरांचं रंगकाम घेतो, आणि कासच्या रस्त्याला जी हॉटेलं झालीत त्यांच्या भिंतींवर डोंगर काढून देतो. पळायला लागलो ते डॉक्टरांनी साखरेचा आकडा दाखवला म्हणून. साताऱ्यात पळायला लागलेला माणूस आज ना उद्या यवतेश्वर घाटात पोचतोच. २०१२ पासून इथं हिल हाफ मॅरेथॉन होते, २१ किलोमीटरची, घाट चढून परत खाली. त्याच्या आधीचे दोन महिने तर पहाटे घाटात एवढी माणसं असतात की म्हशीवाल्यांना रस्ता मागावा लागतो.

डोंगर काढायचा तर डोंगरात थांबायला पाहिजे, आणि पळणाऱ्याला थांबायची लाज वाटते. बाकीचे पुढं जातात, जाता जाता "काय पेंटर, दम लागला का?" म्हणतात. त्यामुळं मला अशी पेटी हवी होती, जी काढायला, उघडायला आणि परत बंद करायला पाच-सात मिनिटांच्या वर लागणार नाहीत. तेवढ्यात चित्र होत नाही. तेवढ्यात होते ती चिठ्ठी. आकाश कसलं होतं, लांबची रांग किती निळी होती, पायाखालची माती कुठल्या रंगाची होती, एवढं टिपायचं. चित्र घरी.

मोबाईलवर फोटो काढा ना, असं सगळे म्हणतात. काढून बघितलाय. मोबाईलची लेन्स रुंद असते, त्यामुळं जवळचं झुडूप मोठं येतं आणि लांबचा जरंडेश्वर चिमुकला होतो. शिवाय सकाळच्या उजेडात एकतर आकाश पांढरं पडतं, नाहीतर डोंगर काळा. भिंतीवर आठ फुटांचा डोंगर काढताना तो फोटो काही कामाचा नाही. कागदावर घाईनं मारलेला निळ्याचा एक पट्टा कामाचा असतो, कारण तो माझ्या डोळ्यानं मोजलेला असतो.

आता वापरायचं कसं ते. चढ संपवून थांबलात की हात थरथरतो. छातीत धडधडत असताना रेघ मारायला जाऊ नका, ती वाकडीच येणार. मी पहिल्यांदा फक्त पाणी आणि आकाशाचा रंग पसरतो. त्याला नेमकेपणा लागत नाही. आकाश वाळेस्तोवर श्वास जागेवर येतो, मग डोंगराची कड. घामाचा थेंब ओल्या रंगात पडला तर तिथं फुलोरा उमटतो, रंग बाजूला सरकतो. तो पुसत बसू नये. माझ्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर असे ढग आहेत जे आकाशात नव्हते.

पळण्याचा आणि चित्राचा खरा संबंध मला उतारात कळला. दमलेला माणूस डोंगर उभा काढतो. मी हे ताडून बघितलंय: चढताना सांबरवाडीच्या अंगाला थांबून अजिंक्यताऱ्याची एक चिठ्ठी करायची, परतीला त्याच जागी दुसरी. चढतानाच्या चिठ्ठीत किल्ल्याची बाजू भिंतीगत सरळ उभी राहिलेली, उतरतानाच्या चिठ्ठीत तीच निवांत पसरलेली. डोंगर तोच. आता घरी बसल्यावर दोन्ही समोर ठेवतो आणि मधला उतार धरतो. यवतेश्वराचा रस्ता पोटऱ्यांना कितीही लागला, तरी लांबून कागदावर तो जवळजवळ आडवाच असतो. नुसतं गाडीनं वर जाऊन चित्र काढणाऱ्याला हा फरक दिसत नाही, कारण त्याचे पाय कधी खोटं बोललेलेच नसतात.

दुसरं, आपल्या डोंगरांना टोक नसतं. हॉटेलवाले अजून बर्फाचे त्रिकोण मागतात, मधून नदी, कडेला देवदार. त्यांना मी समजावतो की बाबांनो, खिडकीतून बघा. सह्याद्री बसाल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले, त्यामुळं माथे सपाट आणि कड्यांच्या पट्ट्या आडव्या. बोर्डावर अक्षरं मांडायच्या आधी आम्ही खडूची दोरी ताणून टणकन सोडतो, तशी कुणीतरी एका डोंगरावरून दुसऱ्यावर दोरी मारलेली वाटते. मधल्या दरीत तुटते, पलीकडं तिथंच चालू होते. सपाटीची पट्टी गवताची, कड्याची पट्टी काळ्या खडकाची, परत गवताची. हे एकदा पायाखालून गेलं की काढायला सोपं. चढताना मांड्यांना कळतंच की आता कड्याची पट्टी आली, आता जरा सपाटी येईल.

म्हणूनच बारा रंगांची गरज नाही. पेटीतल्या मूळ रंगांपैकी दोन हिरवे असे होते की त्यांनी रंगवलेला डोंगर प्लॅस्टिकचा दिसायचा. यवतेश्वरला चहाच्या टपरीवरच्या मावशी माझ्या चिठ्ठ्या बघतात. त्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला, "ह्यो कुठला डोंगर म्हनायचा? लईच हिरवा केलाय की." खरं होतं. पावसाळ्यातसुद्धा आपला हिरवा तयार मिळत नाही, त्यात राखाडी मिसळलेला असतो. शिवाय त्या मूळ रंगांत खडूचा अंश फार. वाळल्यावर फिके पडतात आणि ओला ब्रश कितीही घासला तरी वडी रंग सोडत नाही.

तर मी वड्या उकरून काढल्या, प्लॅस्टिकच्या वाट्या धुतल्या आणि ट्यूबमधले रंग भरले. कॅमलच्या आर्टिस्ट दर्जाच्या ट्यूब साताऱ्यात स्टेशनरीच्या मोठ्या दुकानात मिळतात. १९३१ साली दांडेकरांनी सुरू केलेली कंपनी, शाळेतल्या कंपासपेटीपासून सगळ्यांच्या ओळखीची. अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), गॅम्बोज (गडद पिवळा), क्रिमझन (किरमिजी), प्रशियन ब्लू आणि पेन्स ग्रे (निळसर राखाडी). सात झाले. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाला दोन-दोन वाट्या दिल्या, कारण साताऱ्याचा निम्मा डोंगर याच दोन रंगांत निघतो. दोन्ही कालवले की राखाडी मिळतो. निळा जास्त टाकला तर लांबची रांग, तांबडा जास्त टाकला तर जवळचा खडक. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खाचांत बसतात, त्यामुळं वाळल्यावर आपोआप दगडाचा खरबरीतपणा येतो. हिरवा करायचा तर गॅम्बोजमध्ये निळा आणि वरून बर्न्ट सिएनाचा ठिपका. मावशींनी तो पास केला.

भरताना ट्यूब एका दमात वाटीत ओतू नका. वरून वाळतं, आतून ओलं राहतं, मग भेगा पडतात आणि पळताना तुकडे निसटतात. दोन-तीन हातांत भरायचं, प्रत्येक हात वाळू द्यायचा. ग्लिसरीनचा एखादा थेंब मिसळला तर वडी मऊ राहते. मध घालतात काही लोक. उन्हाळ्यात ठीक आहे, पण साताऱ्याच्या जुलैत मधाची वडी सुकतच नाही, झाकणाला चिकटते आणि बुरशी धरते ती वेगळीच.

आता पेटीच्या तक्रारी, कारण आहेत.

नवी असताना झाकणावर रंग पसरत नाही, त्याचे मणी होतात. टूथपेस्ट लावून कापडानं हळू घासलं की एनॅमलचा गुळगुळीतपणा जातो आणि रंग बसतो. तारेची घासणी वापरू नका, एनॅमलला ओरखडा गेला की तिथूनच गंज धरतो. माझ्या पेटीच्या बिजागरीला पहिल्याच पावसाळ्यात गंज आला. मी आत-बाहेर ऑइल पेंटचा बारीक हात मारून तो थांबवला, पण हे प्रत्येकाला जमेल असं नाही. दुसरी गोष्ट आवाजाची. वाट्या पत्र्याच्या चिमट्यात सैल बसतात आणि पळताना खडखड होते. झाकणाच्या आत जुन्या बनियनची घडी ठेवली की आवाज बंद, आणि तेच कापड ब्रश पुसायला. उतारावर वाट्या निसटू नयेत म्हणून खाली दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा तुकडा लावा.

पेटीबरोबर येणारा छोटा ब्रश फेकण्याच्या लायकीचा. त्याच्याऐवजी पाणी पोटात भरून न्यायचा वॉटर ब्रश घ्या. पेंटेलचा ॲक्वाश मी वापरतो, नायलॉनचं टोक आहे, टोक टिकतं. मात्र असला कुठलाही ब्रश अर्धा भरून पळू नका. आतली हवा अंगाच्या उबेनं फुगते आणि पाणी बाहेर ढकलते. काठोकाठ भरला तर हवेला जागाच राहत नाही. आणखी एक सोय अशी की धुवायचं पाणी ओतावं लागत नाही, ब्रश कापडाला पुसला की झालं. कासच्या सड्यावर हे फार महत्त्वाचं. २०१२ ला पश्चिम घाट जागतिक वारसा झाला, त्यात कास आहे. जांभ्याच्या कातळावर मातीचा थर जेमतेम, त्यावर सगळी फुलं. तिथं रंगाचं पाणी ओतणारा माणूस मला दिसला तर मी भांडतो. फुलांच्या दिवसांत पळायचं डांबरी रस्त्यानं आणि बसायचं ठरवून दिलेल्या वाटेवर. आणि फुलं काढताना एकेक ठिपका मारत बसू नका. गेंद आणि सीतेची आसवं लांबून बघितली तर पांढऱ्यावर जांभळ्याची सावली पडल्यागत दिसतात. कोरा कागद सोडायचा, त्यावर अल्ट्रामरीन आणि क्रिमझनचा एकदम पातळ हात. बास.

कोरा कागद सोडायची सवय मला सगळ्यात जड गेली. ऑइल पेंटमध्ये आम्ही आधी ग्राउंड मारतो, मग अक्षर, मग शेड, आणि शेवटी पांढऱ्याचा हायलाइट. चमक वरून येते. जलरंगात पांढरा म्हणजे खालचा कागद, तो आधीच राखून ठेवावा लागतो. धुकं असंच निघतं: दरीचा भाग ओला करायचा, डोंगराची कड वरून रंगवत आणायची आणि ओल्यात सोडून द्यायची. रंग आपला आपण विरतो. जुलैत यवतेश्वरच्या देवळाच्या आडोशाला बसून एवढंच करता येतं, कारण हवेत एवढी ओल असते की दुसरा हात मारायला पहिला वाळतच नाही. एका कागदावर रंगाचा एकच पातळ हात, आणि कागद उघडाच घरी न्यायचा. एप्रिलमध्ये उलटं. रंग टेकवेपर्यंत वाळतो, कडा कडक येतात. त्या उन्हात वणव्यानं काळे पडलेले उतार मात्र फार छान निघतात, पेन्स ग्रे आणि खालून डोकावणारा ऑकर.

पेटीची खरी कसोटी मी घाटात नाही, औंधला घेतली. एकाच जिल्ह्यात केवढा फरक! महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि इकडं माण-खटावला पाचशेच्या आसपास. डोंगर उघडे, गवत पिवळं, सावल्या जांभळ्या. तेच सात रंग पुरले, फक्त ऑकरची वाटी रिकामी झाली. औंधला यमाईच्या डोंगरावर पळत जायला मजा येते, चढ छोटा पण छातीवर येणारा आहे. वाटेत भवानी संग्रहालय लागतं. १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभं केलं. रविवर्म्याची मूळ चित्रं तिथं आहेत, हेन्री मूरचं शिल्प आहे, आणि खुद्द बाळासाहेब चित्र काढायचे. हेच ते संस्थानिक ज्यांनी सूर्यनमस्कारांचा ध्यास घेतला आणि रयतेला घालायला लावले. घाम गाळणं आणि चित्र काढणं या दोन्ही गोष्टी एका माणसाला शोभतात, याला माझ्याकडं आता राजाचा दाखला आहे. पळणाऱ्या मंडळींना तो ऐकवतो तेव्हा ते टाइम बघतात.

कागदावर पैसे वाचवू नका. पोस्टकार्डाच्या मापाचा, म्हणजे ए-सिक्स, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) खरबरीत पॅड घ्या. त्याहून पातळ कागद पाण्यानं फुगतो. शंभर टक्के कॉटनचा महाग असतो, पण त्यावर रंग परत ओला करून उचलता येतो. चिठ्ठीसाठी पंचवीस टक्के कॉटनचा चालतो. स्पायरलचा पॅड कमरेला टोचतो, डिंकानं चिकटवलेला घ्या.

तुलनेला सांगतो, मुलीच्या चित्रकलेच्या बाईंकडं विन्सर अँड न्यूटनची कॉटमनची खिशातली पेटी आहे, तीही बारा वड्यांची, प्लॅस्टिकची. गंजत नाही, रंग पहिल्या दिवसापासून चांगले. किंमत माझ्या पेटीच्या बरीच वर. उकरणं, भरणं, घासणं हा उद्योग नको असेल तर सरळ ती घ्या. मला हात काळे करायची सवय आहे आणि पत्रा आवडतो. माझ्या पेटीला पाचात साडेतीन, आणि आतल्या रंगांना शून्य.

वासोट्यासारखा दिवसभराचा ट्रेक असेल, बामणोलीतून लाँच धरायची असेल, तर मोठी पेटी आणि मोठा कागद न्या. तिथं थांबायला वेळ असतो, बाबूकड्यासमोर पोस्टकार्ड घेऊन बसणं हा अपमान आहे. पाऊस झोडपत असताना पळणाऱ्यांनीही पैसे घालवू नयेत. नुसतं बाल्कनीत बसून काढणाऱ्यांना चिनी मातीची बशी पुरते.

ऑर्डर करताना एक बघा. विकणाऱ्यांच्या फोटोत तळाची कडी दिसते, पण घरी पोचते ती पेटी कधीकधी बिनकडीची असते. कडीशिवाय उभ्यानं रंगवता येत नाही. खाली ग्राहकांनी टाकलेले फोटो असतात, त्यात पेटी उलटी धरलेली शोधा आणि मगच पैसे भरा.